भिंतीआड मेलेल्यांच्या वतीने : ‘ट्राय’च्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

महोदय,



एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार ‘ट्राय’ हातात घेत नाही, हे मला माहीत आहे. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करायचा, डॉकेट नंबर घ्यायचा, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं आणि ३९ दिवस वाट पाहायची, असा नियम आहे. मी दोन्ही पायऱ्या चढून आलो. डॉकेट नंबर अकरा जमले. अपिलाचा निकाल दीड ओळीचा आला : ग्राहकाच्या घरी स्पीड तपासला, १०० एमबीपीएस मिळतो, तक्रार निकाली. स्पीडबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, कारण माझं भांडण आता तिच्याशी उरलेलं नाही, मोजमापाशी आहे. आणि माप कुठलं लावायचं ते तर तुम्ही ठरवता.

मूळ तक्रार सांगतो. हसू आलं तर हसून घ्या. माझी मुलगी अकरावीत आहे. अभ्यास उरकला की रात्री साडेनऊ ते अकरा ती व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळते. पाच जणांची टीम : ही सांगलीची, एक लातूरचा, एक नागपूरची, दोघं पनवेलचे. खेळाचा सर्व्हर मुंबईत. रोज पावणेदहाच्या सुमाराला आतून हाक येते, “पप्पा, परत लॅग मारायलंय!”

‘मग बंद कर की’ असं मला म्हणवत नाही, कारण २००३ पासून आठ वर्षं मी स्टँडजवळ सायबर कॅफे चालवला. सहा मशीन, आठ पोर्टचा एक स्विच, तासाला वीस रुपये. कॉलेजची पोरं निकाल बघायला म्हणून यायची आणि काउंटर-स्ट्राइक खेळत बसायची. सगळी मशीन एकाच खोलीत, एकाच स्विचला. हरलेला पोरगा माउसला शिव्या घालायचा, नाहीतर शेजारच्यावर ‘माझ्या स्क्रीनमध्ये बघतोस’ असा आळ घ्यायचा. नेटला शिव्या घालायची सोयच नव्हती. खेळाडू आणि खेळाडू यांच्यामध्ये होती ती फक्त चार मीटर वायर. त्या वायरीची किंमत मला मुलगी मोठी झाल्यावर कळली.

तुमच्याकडे जाणकारांची वाण नाही, पण माझ्या अपिलावर सही करणाऱ्याला पुढचं माहीत नसावं, म्हणून लिहितो. अशा खेळात सगळे एकच मैदान बघताहेत असं वाटतं. तसं नसतं. खरं मैदान सर्व्हरवर. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशेब करतो, म्हणजे दर पावणेआठ मिलिसेकंदांनी एकदा. घरोघरच्या पडद्यांवर असते ती त्या मैदानाची किंचित शिळी प्रत. मुलगी उजवीकडे सरकली की ती खबर मुंबईला जाणार, इतरांच्या खबरा तिथून येणार. या शिळेपणावरचे इलाज जुने आहेत. जॉन कारमॅकने १९९६ मध्ये क्वेक हा खेळ मोडेमवरून खेळता यावा म्हणून क्वेकवर्ल्ड काढलं, त्यात सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता खेळाडूचा कॉम्प्युटरच त्याचं पाऊल पुढे टाकून दाखवायला लागला. व्हॉल्व्ह कंपनीच्या यान बर्नियरने २००१ मध्ये दुसरा इलाज लिहून मांडला : गोळी सुटली त्या क्षणी झाडणाऱ्याच्या पडद्यावर समोरचा कुठे उभा होता, हे बघायला सर्व्हर घड्याळ मागे नेतो आणि मग निकाल देतो. थर्ड अंपायरच, फक्त प्रत्येक गोळीला.

झाडणाऱ्याला यात न्याय मिळतो. दुसऱ्याचं काय होतं? तो भिंतीआड पोचलेला असतो, श्वास सोडलेला असतो, आणि तिथे मरतो. कारण मारणाऱ्याच्या पडद्यावर तो अजून दारातच होता. हे पत्र अशा भिंतीआड मेलेल्यांच्या वतीने आहे.

उशीर एकसारखा असला तर माणूस जमवून घेतो. आपल्याकडची कितीतरी पोरं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळून तयार झाली. साठ-सत्तर मिलिसेकंद उशीर, पण रोज तेवढाच, मग हात आपोआप शिकतो. जमवून घेता येत नाही ते दोनच प्रकार. एक, उशिराचं प्रमाण क्षणाक्षणाला बदलणं, ज्याला जिटर म्हणतात. दुसरा, खबर वाटेतच गळून पडणं : पॅकेट लॉस. अशा वेळी खेळ अंदाजाने चित्र पुढे सरकवतो, मग खरी खबर आली की सगळ्यांना ओढून जागेवर आणतो. पोरं याला रबरबँड म्हणतात. समोरचा धावत येतो, थांबतो, चार पावलं मागे जातो आणि तुम्ही मेलेले असता.

हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येत नाही का? वेबसाइट, ईमेल, पिक्चर यांच्यासाठी येतं. ती सगळी रजिस्टर पोस्टाची कामं, पोच मिळेपर्यंत पाठवणारा पुन्हापुन्हा पाठवतो. नेमबाजीचे खेळ मात्र यूडीपी या डेटा पाठवण्याच्या नियमावर चालतात. हा नियम १९८० मध्ये ठरला तेव्हापासून त्याचं ब्रीद एकच : सोडून दे आणि मागे बघू नकोस. खेळाला तेच हवं असतं. भजनात पखवाजवाल्याची सम हुकली तर ती दोन मात्रांनंतर वाजवून कुणी भरपाई करत नाही. गाणं पुढे गेलेलं असतं.

आणि म्हणूनच त्या अपिलाच्या निकालाचा मला राग आला. स्पीड टेस्टमध्ये हरवलेली पॅकेटं पुन्हा मागवली जातात, अनेक धारा एकदम सोडल्या जातात, शेवटी एक भला मोठा आकडा येतो. नळ आचके देत, हवा ओकत, मध्येच बंद पडत आला तरी बादली भरतेच. बादली भरली म्हणून पाणी नीट येतं असं आमच्या गल्लीतली एकही बाई म्हणणार नाही.

आता घरच्या चुका कबूल करतो, कारण लॅगची निम्मी पापं घरातलीच असतात आणि कंपन्यांचं हे म्हणणं खोटं नाही. आमचा राउटर टीव्हीच्या मागे, मुलीचा कॉम्प्युटर दोन भिंती सोडून, मध्ये वाय-फाय. इमारतीतले एकोणीस राउटर एकाच पट्ट्यात ओरडत होते, त्यात मायक्रोवेव्ह. बारा मीटर कॅट-६ वायर टाकली आणि घरातला लॉस शून्यावर आला. हे वाचणाऱ्या आईबापांना माझा फुकटचा सल्ला : महागडा ‘गेमिंग’ राउटर घेण्याआधी वायर घ्या. शिंगं फुटल्यासारख्या आठ अँटेना बघून पोरं खूश होतात, खेळ सुधारत नाही.

तरी रात्री दहाला पिंग, म्हणजे खबर जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद, तीनशेवर उडी मारायचा. चोर सापडायला आठवडा गेला. सौभाग्यवतींचा फोन रोज त्याच वेळेला चार्जिंगला लागायचा आणि दिवसभराचे फोटो वर चढवायला लागायचा. अपलोडची वाट तुंबली की राउटर पॅकेटं फेकून न देता रांगेत ठेवत जातो. रांग लांबते, आणि मुलीची इवलीशी पॅकेटं दोनशे फोटोंच्या मागे उभी राहतात. या दुखण्याला बफरब्लोट म्हणतात. हे नाव जिम गेटिस यांनी रूढ केलं आणि त्यावरच्या उपायासाठी डेव्ह टाट यांनी कितीतरी वर्षं घालवली. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते गेले. रांगेत छोट्यांना पुढे सोडणारा त्यांच्या मंडळींचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. मी तो एका जुन्या राउटरवर चढवला, लाइनच्या नव्वद टक्क्यांवर मर्यादा घातली, आणि फोटो चढत असतानाही पिंग तिशीत राहिला. यातलं सगळं मला जमलं ते कॅफेच्या दिवसांमुळे. लातूरच्या त्या पोराच्या वडिलांचं किराणा दुकान आहे. त्यांनी काय करावं?

घर स्वच्छ झाल्यावर खांबाकडे गेलो. केबलच्या पोराला चहा पाजून मीटर लावायला सांगितलं, तर प्रकाशाचा आकडा उणे २९. या उपकरणांना उणे २७-२८ च्या खाली नीट दिसत नाही. खांबावरच्या डब्यात पावसाचं पाणी, आणि जोडाजवळ फायबर जानव्यासारखं गुंडाळून खिळ्याला अडकवलेलं. पोराने नवा जोड मारला, आकडा उणे १९ वर आणला, वर म्हणाला, “काका, हे तुम्ही आधीच सांगायचं की. वरून तिकीट येतंय त्यात ‘स्लो स्पीड’ एवढंच लिहिलेलं असतं.” त्याच्यावर माझा मुळीच राग नाही. त्याच्या हातातल्या तिकिटात ‘पॅकेट लॉस’ असा पर्यायच नाही.

यानंतर दिवसभर लाइन तळहातासारखी स्वच्छ. सकाळी सहाला मुंबईचा पिंग १४, हरवलेलं पॅकेट एक नाही. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. सांगली-मुंबई जाऊन येऊन चारच मिलिसेकंद होतात, म्हणजे १४ हा उत्तम आकडा झाला. आणि रात्री साडेनऊला तोच पिंग ४०, ११०, २५, ९०. काही रात्री तर पॅकेटं मुंबईला जायला चेन्नईचा रस्ता धरतात. देशातला डेटा देशातच अदलाबदल व्हावा, उगाच लांबून फिरू नये, म्हणून २००३ मध्ये ‘निक्सी’ ही संस्था उभी राहिली. तेवीसएक वर्षांनी देशाबाहेरचा वळसा गेला, देशातला राहिला.

मी चौदा रात्री नोंद ठेवली. दर सेकंदाला एक पिंग, साडेनऊ ते अकरा, म्हणजे रात्रीचे ५,४००. (मधल्या एखाद्या राउटरने उत्तर दिलं नाही तर तो लॉस धरायचा नसतो, कामात असलेली यंत्रं पिंगला भाव देत नाहीत, गळती शेवटच्या टोकापर्यंत दिसली तरच खरी. हे पाळलं आहे.) एका साध्या मंगळवारी १४८ पॅकेटं हरवली, पावणेतीन टक्के. पण ती अधूनमधून एकेक अशी नाही गेली. बहुतेक सगळी सलग पाच ते आठ सेकंदांच्या गठ्ठ्यांत गेली. एकेक गेली असती तर खेळाने सांभाळून घेतलं असतं. व्हॅलोरंटमध्ये नेटवर्क बफरिंग वाढवता येतं, काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एक किंवा दोन पॅकेटांची शिल्लक हाताशी ठेवता येते. थोडा उशीर पत्करून धक्के गिळायचे. आठ सेकंदांचं भोक मात्र कुठल्याच सेटिंगने बुजत नाही.

आता तुमच्या मापाकडे येतो. २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत तुम्ही पॅकेट लॉस एक टक्क्याच्या आत आणि देशातला उशीर १२० मिलिसेकंदांच्या आत असं ठरवलं होतं. वीस वर्षांपूर्वी हा विचार केलात, याचं मला खरंच कौतुक वाटतं. तेव्हा माझ्या कॅफेत २५६ केबीपीएसवर सहा मशीन चालत होती. पण माझे ते १४८ त्या कसोटीवर घासून बघा. सरासरी दिवसभराची काढली तर ८६,४०० सेकंद. बाकी दिवस स्वच्छ असेल तर १४८ म्हणजे ०.१७ टक्के. कंपनी पहिल्या वर्गात पास! उलट्या बाजूने सांगायचं तर दिवसाचा एक टक्का म्हणजे १४ मिनिटं २४ सेकंद. एवढा वेळ रोज रात्री दहाच्या ठोक्याला लाइन साफ मेली, तरी कागदावर ती जेमतेम काठावर. शिवाय ते १२० मिलिसेकंद मोजायचे कंपनीच्या ठाण्यापासून पुढे. माझ्या गल्लीतला पाणी भरलेला डबा त्या मोजणीत आलाच नसता.

२०२४ मध्ये तुम्ही टेलिफोन, ब्रॉडबँड आणि मोबाइल डेटाचे तीन जुने नियम गुंडाळून एकच नवा नियम केलात, १ ऑक्टोबरपासून तो लागू झाला, कव्हरेजचे नकाशे कंपन्यांना वेबसाइटवर टाकायला लावलेत. चांगलं झालं. पण सरासरी ती सरासरीच, आणि ती काढायचा प्रदेशही केवढा! दूरसंचाराच्या हिशेबात ‘महाराष्ट्र’ म्हणजे मुंबई वगळून महाराष्ट्र, अधिक गोवा. पुण्यातल्या हिंजवडीचा टॉवर, पणजीचा बाजार आणि सांगलीतलं आमचं विश्रामबाग एकाच परातीत मळायचं, आणि त्या कणकेचा एक गोळा काढून ‘महाराष्ट्रात सेवा समाधानकारक’ म्हणायचं. मोबाइलसाठी तुम्ही निदान गाड्या फिरवून ड्राइव्ह टेस्ट घेता. घरात आलेल्या तारेसाठी कोण फिरतं?

ब्रॉडबँड म्हणजे काय याची सरकारी व्याख्या बघितली. २००४ मध्ये २५६ केबीपीएस, पुढे ५१२, जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएस. रुंदी वाढत गेली, आणि रुंदीखेरीज काहीच वाढलं नाही. म्हणून होर्डिंगवर १००, ३००, १ गिग. माझ्या मुलीचा खेळ १ एमबीपीएसच्या आसपास भागतो. तिला ३०० चा प्लॅन घ्या म्हणून कंपनीचा फोन दोनदा आला. तुंबलेल्या गटारावर मोठं झाकण बसवण्यातला प्रकार.

अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना आपल्या प्रत्येक प्लॅनवर खाऊच्या पाकिटावर असते तशी चौकट छापावी लागते. किंमत, डाउनलोड, अपलोड आणि नेहमीचा उशीर किती मिलिसेकंद, हे तिथे लिहिलेलं असतं. आपल्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती हे कळतं, हजार रुपयांच्या प्लॅनवर उशीर किती हे कळत नाही. तुम्ही अमेरिकेच्या पुढे जाऊ शकता, कारण त्यांच्या चौकटीत तरी संध्याकाळचा वेगळा आकडा कुठे आहे? रात्री आठ ते अकराचा उशीर, त्यातली चढउतार आणि गळती, ग्राहकाच्या राउटरपासून मुंबई, चेन्नई, दिल्ली, कोलकात्याच्या एक्स्चेंजपर्यंत मोजून, जिल्ह्यागणिक, प्लॅनच्या कागदावर छापा. महिन्याच्या सरासरीऐवजी महिन्यातला सर्वांत वाईट तास जाहीर करायला लावा. आणि तक्रारीच्या यादीत ‘पॅकेट लॉस’ हा एक शब्द घाला, म्हणजे त्या केबलच्या पोराला खांबावर चढण्याआधी कळेल की काय शोधायचं आहे. तिसरी गोष्ट तर फुकट आहे, उद्या सकाळी होईल.

‘खेळासाठी एवढं?’ असं कुणी म्हणेलच. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घातली आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता दिली. मान्यता दिलेल्या खेळाचं मैदान सांगलीत खड्ड्यांचं आणि पनवेलमध्ये गुळगुळीत, असं चालेल? लाइन गेली की मुलगी खेळातून बाहेर फेकली जाते. चौघं पाच जणांशी लढून हरतात, आणि वर हिचे गुण कापले जातात, कारण मुद्दाम पळून गेलेला आणि तार तुटलेला यांतला फरक सर्व्हरला कळत नाही. तो नियम बरोबरच आहे, नाहीतर हरायला लागलेला प्रत्येक जण वायर उपटेल. पण गेल्या महिन्यात नागपूरच्या मुलीने तिला विचारलं, “तू खरंच लॅग होतेस का गं, की रागावून जातेस?” त्या रात्री ती जेवायला बसली नाही. मला अकरा डॉकेट नंबर घ्यायला लावणारं कारण हे आहे. पिंग, जिटर हे नंतरचं.

खरं तर ही पोरं तुम्हाला फुकट मिळालेली तपासनीस आहेत. पिक्चर बघणाऱ्याला पाच सेकंदांचं भोक कळत नाही, त्याचा पिक्चर आधीच पुढचा भरलेला असतो. बँकेचं पान दोन सेकंद फिरलं तर कुणी वहीत टिपून ठेवत नाही. साडेनऊ ते अकरा लाइनवर नजर खिळवून बसलेलं, पंधरा मिलिसेकंदांचा फरक बोटांना जाणवणारं असं दुसरं कुणी गावात नाही. त्यांच्या नोंदी घेणारी खिडकी तेवढी उघडा.

चौदा रात्रींच्या माझ्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. वेळा, उशीर, गळती, मार्ग, सगळं आहे. त्या वाचून माझी मोजणी चुकली असं तुमच्या माणसांना वाटलं तर तसं कळवा. मी पुन्हा मोजेन.

आपला,
सांगलीचा एक ग्राहक
(आणि एका जेटचा बाप. ‘जेट’ काय ते घरातल्या कुठल्याही पोराला विचारा.)

ता. क. नोंदींत अकरावी रात्र कोरी दिसेल. त्या रात्री गल्लीतल्या मंडळाची विसर्जन मिरवणूक होती. मूर्ती उंच, तारा खाली, म्हणून दोन पोरं बांबूने तारा उचलत ट्रॅक्टरच्या पुढे चालली होती, आणि तिसऱ्या खांबापाशी बांबू निसटला. नऊ चाळीसला लाइन गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. ती गळती मी कुणाच्याही खात्यावर मांडलेली नाही. मुलगीही त्या रात्री खाली लेझीम खेळत होती.